दोन वर्षांत दोन चिन्हं : विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,
मध्य प्रदेश विधानसभा, भोपाळ

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात राजकारणावर वाद झाले ते मराठीतच, म्हणून हे पत्रही मराठीत. हिंदी प्रत टपालानं वेगळी पाठवली आहे. आपण ग्वाल्हेरमधून आमदार होतात, पुढे खासदारही झालात. इथली मराठी घरं आपल्याला अनोळखी नाहीत, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहितो.

माझ्यासमोर मतदारयादीचं एक पान आहे. २०१८ सालचं, ग्वाल्हेर पूर्व मतदारसंघातल्या, थाटीपूरच्या एका गल्लीचं. मी भाजपचा पन्ना प्रमुख होतो, म्हणजे या पानावरच्या प्रत्येक नावाची जबाबदारी माझी. कडेला पेन्सिलीच्या खुणा आहेत : कोण मतदानाच्या दिवशी गावाला असेल, कुणाला बूथपर्यंत रिक्षा लागेल, कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय. त्या निवडणुकीत मी प्रत्येक दारात उभं राहून आपला उमेदवार का निवडावा आणि समोरचा का नको, हे सांगितलं. हरलो. वाईट वाटलं, पण हरण्याची आम्हाला सवय होती. माझ्या वडिलांनी भाजपच्या आधीच्या जनसंघाची पणती ही निशाणी भिंतींवर रंगवली ती बहुतेक वेळा अनामत रक्कम जाणार हे माहीत असतानाच.

नोव्हेंबर २०२० मध्ये पोटनिवडणूक लागली. तीच गल्ली, तेच पान, तोंडाला मास्क. आणि उमेदवारही तेच दोघे! फक्त चिन्हं बदललेली. २०१८ मध्ये ज्यांना पाडा म्हणून मी जिने चढलो, ते आता कमळावर उभे होते. ज्यांच्यासाठी मतं मागितली होती, ते पंजावर.

कोपऱ्यावरच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या काकू राहायच्या. त्यांचे सासरे जनसंघाचे. दिवाळी तोंडावर आली होती, चकल्या तळत होत्या. हातातला झारा तसाच घेऊन दारात आल्या, मी दिलेली पर्ची डोळ्यांपाशी नेऊन वाचली आणि विचारलं, ‘‘बाळ, तू मागच्या वेळी खोटं बोललास, की आत्ता बोलतोयस?’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. झाऱ्यातून तेलाचे थेंब उंबऱ्यावर पडत होते आणि मी त्या थेंबांकडे बघत उभा राहिलो. पुढची चार घरं मी त्या दिवशी केली नाहीत.

अध्यक्ष महोदय, त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एका वरिष्ठ कार्यकर्त्याला विचारलं तर म्हणाले, ‘‘सरकार आलं ना? मग झालं.’’ मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ सरकार पडलं आणि आपलं सरकार आलं, हे खरं. त्या सरकारनं चांगली कामंही केली, ती मी नाकारत नाही. पण जुलैच्या मंत्रिमंडळ विस्तारानंतर १४ मंत्री असे होते, जे आमदारच नव्हते. २८ जागांच्या पोटनिवडणुकीत आपण १९ जिंकलो आणि तरी तीन मंत्री आमच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात पडले. आमची जागाही गेली. दोन वर्षांनी महापौरपद गेलं, ५७ वर्षांत पहिल्यांदा. त्याचं खापर लोक कशाकशावर फोडतात. मी माझ्या गल्लीपुरतं सांगतो : जे कार्यकर्ते दोन्ही वेळा माझ्याबरोबर फिरले होते, त्यातले निम्मे तेव्हा घरी बसून होते.

आपला पक्ष असा नव्हता. राजस्थानात १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जनसंघाचे आठ आमदार आले. जाहीरनाम्यात जहागीरदारी संपवण्याचं वचन होतं. निवडून आलेले बरेचसे स्वतः जहागीरदार, त्यांनी विधानसभेत त्याला विरोध केला. पक्षानं काय करावं? नवा पक्ष, मूठभर आमदार. तरी बहुतेकांना बाहेर काढलं. वचनाशी राहिले त्यांच्यात भैरोंसिंह शेखावत होते, जे पन्नास वर्षांनी देशाचे उपराष्ट्रपती झाले. ही हकीकत माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितली की लहानपणी मला ती पुराणातली गोष्ट वाटायची.

आणि आपल्याच ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत जन्मलेले अटलजी. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांचं सरकार जात असताना ते लोकसभेत म्हणाले होते की पक्ष फोडून मिळणारी सत्ता मी चिमट्यानंही शिवणार नाही. १९९९ मध्ये एका मतानं सरकार गेलं, २६९ विरुद्ध २७०. आमच्या घरी रेडिओ बंद करून सगळे गप्प बसले होते. दुःख होतं, पण मान खाली गेली नव्हती.

प्रामाणिकपणे एक गोष्ट आपल्या बाजूविरुद्धही लिहिली पाहिजे. १९६७ मध्ये याच राज्यात गोविंद नारायण सिंह ३६ आमदार घेऊन काँग्रेसमधून बाहेर पडले, द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार गेलं आणि राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकारानं संविद, म्हणजे संयुक्त विधायक दलाचं, सरकार बनलं. जनसंघ त्यात होता. ग्वाल्हेरला तेव्हा दिवाळी साजरी झाली. दीड-दोन वर्षांत गोविंद नारायण सिंह पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. फोडून आणलेला माणूस किती दिवस टिकतो, हे आपण तेव्हाच शिकायला हवं होतं.

पक्षात राहूनच पक्षाविरुद्ध जाणाऱ्यांचंही तेच. जुलै २०१९ मध्ये एका विधेयकावर मैहर आणि ब्यौहारीच्या आपल्या दोन आमदारांनी कमलनाथ सरकारच्या बाजूनं मत दिलं. त्या संध्याकाळी मला फोनवर फोन आले, ‘‘आता काय?’’ काहीच नाही. त्यातले एक २०२३ मध्ये कमळावरच पुन्हा निवडून आले. मला कुणा आमदाराला गुलाम करायचं नाहीये. जाहीरनाम्यातल्या शब्दासाठी जो स्वतःच्या पक्षनेत्यांशी भांडतो, त्याच्यासाठी मी आजही पायपीट करीन. पण जाहीरनामा सोडून जाणाऱ्याला काही विचारायचंच नाही आणि सतरंज्या उचलणाऱ्याला मात्र शिस्तीचे धडे द्यायचे, हे कुठवर चालणार?

आता आपल्या खुर्चीशी संबंधित भाग.

पक्षांतराच्या रोगावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते. १९६९ च्या त्या अहवालात शिफारस होती की पक्ष सोडणाऱ्यानं वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री होऊ नये. चव्हाण काँग्रेसचे, पण बोलले ते खरं. १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. अटलजींच्या काळात, २००३ मध्ये, ९१ वी घटनादुरुस्ती झाली, एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट बंद झाली आणि अपात्र ठरलेल्या माणसाला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करायचं नाही असं ठरलं. मग २०२० मध्ये ते सगळं कुठे गेलं? आमदार अपात्र ठरलेच नाहीत, त्यांनी राजीनामे दिले. आणि आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री ठेवता येतं. कायद्याचं अक्षर पाळलं, अटलजींचा हेतू मारला.

हे एकदाच घडलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. २०२४ मध्ये विजयपूरचे काँग्रेस आमदार एप्रिलमध्ये आपल्याकडे आले, जुलैत मंत्री झाले, नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत पडले. तिथे आयुष्यभर त्यांच्याविरुद्ध लढलेल्या आपल्या माणसांना त्या काळात काय वाटलं असेल, हे मला कुणी सांगायला नको.

त्याच वर्षी मे महिन्यात काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेल्या बीनाच्या आमदार मुख्यमंत्र्यांच्या सभेत व्यासपीठावर आल्या. अपात्रतेची याचिका आपल्यापुढे आली. वर्ष उलटलं तरी निर्णय आला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. निकाल कुठल्या बाजूनं लागावा, हे मी सांगत नाही. तो अधिकार आपला. पण सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्येच म्हटलंय की अशा याचिका साधारणपणे तीन महिन्यांत निकाली निघाव्यात. त्या खुर्चीवर आपण पक्षाचे नाही आहात, आणि म्हणूनच आपल्याला लिहितोय. पक्षात लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही.

माझी विनंती अशी. अपात्रतेची कुठलीही याचिका, कुठल्याही पक्षाची, तीन महिन्यांत निकाली काढण्याचा नियम आपल्या विधानसभेत करा आणि तो सभागृहात जाहीर करा. आमदारांचे राजीनामे गठ्ठ्यानं आले तर एकेकाला समोर बसवून विचारा की हे तू मनानं लिहिलंस का. संविधान तो अधिकार आपल्याला देतं. आणि पीठासीन अधिकाऱ्यांच्या, म्हणजे देशभरातल्या सभागृहांच्या अध्यक्ष-सभापतींच्या, परिषदेत चव्हाण समितीची ती जुनी शिफारस पुन्हा मांडा : मुदतीच्या मधे राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेलेला माणूस लोकांनी पुन्हा निवडून देईपर्यंत मंत्री होणार नाही. कायदा संसद करील, पण मागणी मध्य प्रदेशाच्या अध्यक्षांनी केली तर तिचं वजन वेगळं पडेल, कारण हा रोग आम्ही १९६७ पासून अंगावर काढलाय.

कोपऱ्यावरच्या काकू गेल्या. पानावर आता त्यांच्या नातसुनेचं नाव आहे. २०२८ साठी पान घेणार का, असं मला विचारून झालंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
थाटीपूर, ग्वाल्हेर येथील एक मतदार