मुकादमाची वही, भिंतीवरचा कोळसा

लेस्टर, इंग्लंड, 9 नोव्हेंबर 2025

ती. मायला साष्टांग नमस्कार.

दादा, वाचून दाखवताना मधलं गाळू नकोस.

पारोळ्याकडे कापसाची वेचणी जोरात असेल. फोनवर तुझी बोटं दिसली. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा परत फाटल्यात, आणि तू म्हणतेस, "काहीच नही व्हयनं."

तू विचारलंस, तिथे तरी पैसे नीट देतात का. देतात, पण मागावे लागतात. माझं काम म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन अंघोळ, कपडे, गोळ्या, नाश्ता. अर्धा तास एका घरी, मग बसने पुढच्या. दिवसाला सात घरं. इथे एप्रिल 2025 पासून एकवीस आणि वरच्या वयाच्यांना तासाला कमीत कमी 12 पौंड 21 पेन्स द्यावेच लागतात, बाई असो की बुवा. पण पगाराच्या कागदावर फक्त घरातला वेळ. मधले पावणेदोन तास, बस आणि पाऊस, कुणाच्याच हिशोबात नाहीत.

मला आपला काटा आठवला. तू डोळ्यांनी पाहिलेलं वजन भिंतीवर कोळशाने 41, मुकादमाच्या वहीत 38. दव, कचरा, गाठोड्याचं फडकं, सगळं तुझ्याच कापसातून वजा. काट्यापाशी तासभर उभं राहायचं ते वेगळंच. तरी तू रोज रेघा मारायचीस.

मीही वही केली. एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ किमान वेतनात धरायचा, असं इथला कायदाच सांगतो. वही जोडून कंपनीला पत्र दिलं, दोन महिन्यांची थकबाकी आली. केरळची मैत्रीण मात्र सही करायला आली नाही. तिचा व्हिसा त्याच मालकाच्या नावावर. नोकरी गेली तर सहसा 60 दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर परत. माझा व्हिसा तुझ्या जावयाच्या नोकरीवर, म्हणून माझी हिंमत. तिला भित्री कशी म्हणू?

आपल्याकडे समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 मध्येच झाला. पण फवारणी गड्यांची, निंदणी-वेचणी बायांची. कामच वेगळं ठरवलं की दरही वेगळा. रोजगार हमीत तरी दर एकच. जॉबकार्डावर तुझं नाव आहे का, दादाने ग्रामपंचायतीत बघून यावं. काम मागितल्याची तारीख घातलेली पावती घ्या. 15 दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता देणं लागतं.

थकबाकीतले थोडे पाठवलेत. किराण्यात घालू नकोस. हुकाचा एक ताणकाटा घे आणि मुकादमाकडे जायच्या आधी शेतातच तोल.

तुझी,
बेबी