दोन चाव्यांची खोली

इंदूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडची कोबाल्टच्या सोर्सची, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्ट ठेवलेली खोली एकटीला उघडू देत नाहीत म्हणून परवा फोनवर चिडली होतीस. "आम्हाला चोर समजतात का?" होय, थोडंफार समजतात आणि समजायलाच हवं. बँकेच्या सियागंज शाखेत मी कॅश सांभाळली. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मॅनेजरकडे. त्यात कुणाला अपमान वाटला नाही.

कुंपण, कॅमेरे, पहारा हे सगळं बाहेरच्यासाठी. खरी धास्ती आतल्याची. १९९२ साली रशियात पोडोल्स्कच्या एका संस्थेतल्या इंजिनिअरने जवळपास दीड किलो अतिसमृद्ध, म्हणजे बॉम्बला चालेल असं, युरेनियम लांबवलं. एकदम नाही, काही महिने, थोडं थोडं करून. कामात काही माल वाया जाणारच म्हणून तूट धरलेली असायची. हा त्या तुटीच्या आत राहायचा, त्यामुळे हिशेब टॅली! संस्थेला पत्ताच नाही. बॅटऱ्या चोरणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर स्टेशनवर सापडला, म्हणून पकडला गेला. कुठल्याही कॅशियरच्या अंगावर काटा येईल. तूट मर्यादेत आहे एवढं बघून भागत नाही, ती रोज एकाच बाजूला का झुकते हे बघावं लागतं.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षकही मोजणीच करतात, फक्त त्यांचा संशय माणसावर नाही, देशावर. विजेसाठीचा माल बॉम्बकडे तर वळला नाही ना? प्लुटोनियम ८ किलो कमी भरलं, तर एका बॉम्बपुरतं गेलं असं ते धरतात. आपण अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, तरी २००८ च्या अणुकरारानंतर ठरावीक नागरी अणुभट्ट्या त्यांच्या देखरेखीखाली दिल्या. सही केली नाही तेच बरं झालं, असं तुझे बाबा म्हणतात. माझं अजून ठरत नाही.

तुझ्या कोबाल्टचा अणुबॉम्ब होत नाही, मान्य. पण २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट असलेलं जुनं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात निघालं, मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं आणि एकाचा जीव गेला. तिथे चोरी झालीच नव्हती, रीतसर विकलं होतं. म्हणून तुमच्याकडचे वापरातून गेलेले सोर्स कुणाच्या सहीवर आहेत आणि शेवटची मोजणी कधी झाली, ते आधी विचार. दाराचं नंतर बघू.

तुमचं रजिस्टर एकदा चाळायला मला फार आवडलं असतं. पण ते तू दाखवणार नाहीस, आणि दाखवूही नकोस.

तुझी,
आई