डॉलर एक रुपयाचा कधी होता?

रुपयाच्या घसरणीवरील रविवारच्या लेखात ‘१९४७ साली एक डॉलर एक रुपयाला मिळे’ असे विधान आहे. दर स्वातंत्र्यदिनी समाजमाध्यमांवर फिरणारा हा समज छापण्याआधी तरी तपासायला हवा होता. त्या काळी रुपया डॉलरशी नव्हे, पौंडाशी बांधलेला होता. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड), म्हणजे पौंडाला सुमारे १३.३३ रुपये. पौंड तेव्हा ४.०३ डॉलरचा. साधा भागाकार केला तरी डॉलर ३.३० रुपयांच्या आसपास येतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, पाठोपाठ रुपयाचेही, आणि डॉलर ४.७६ रुपयांवर गेला. ६ जून १९६६ रोजी तो साडेसात रुपयांचा झाला. रुपया घसरला हे कोणी नाकारत नाही. पण १९४७ पासूनची घसरण एक रुपयापासून मोजली, तर ती तिपटीहून जास्त फुगते.

– एक वाचक, सातारा