पश्या, गणित आणि केमिस्ट्रीचं काय करायचं ते

प्रिय पश्या,

फार्मसीच्या सीईटीला गणित आणि केमिस्ट्री कशी करू, असं विचारणारा तुझा भलामोठा मेसेज वाचला, मेसेजवर उत्तर दिलं असतं पण मला एवढं टाइप करताना मधेच कोणीतरी हाक मारतं, म्हणून निवांत बसून लिहितोय. कॉलेजात जर्नल सबमिशन चालू आहे त्यामुळे अक्षराला, सॉरी विचारांना, जरा सांभाळून घे.

आधी तुझा तो प्रश्न, "फार्मसीला गणित कशाला, पीसीबीवाले (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) मजेत असतात". अरे बी.फार्मला दोन्ही ग्रुपचा स्कोअर चालतो, आणि आत आल्यावर हिशोब चुकता होतोच, पहिल्या सेमला पीसीएमवाल्यांना (म्हणजे बायोऐवजी गणित घेतलेल्यांना) रेमेडियल बायोलॉजी आणि पीसीबीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स. तू बारावीला बायो सोडलंयस तर आता रडून उपयोग नाही, आणि खरं सांगू का, तुझा फायदाच आहे. सीईटीत गणिताचा एक प्रश्न दोन मार्कांचा, ५० प्रश्नांत १०० मार्क, वर ९० मिनिटं फक्त त्याला. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि तेवढीच ९० मिनिटं. भागाकार कर, गणिताला प्रश्नामागे १०८ सेकंद आणि केमिस्ट्रीला ५४. म्हणजे दोन्ही विषय एकाच पद्धतीने करून चालणारच नाही, आणि तू नेमकं तेच करतोयस, दोन्हीकडे पोतंभर एमसीक्यू.

केमिस्ट्रीत विचार करायला वेळच नाही रे, आठवायचंच असतं. म्हणून आपलं बालभारतीचं पुस्तकच ओळ न ओळ वाच, "डू यू नो" च्या चौकटी आणि तक्ते सोडू नकोस. अप्पा बळवंत चौकातून जाडजूड गाइडं आणून टेबलावर रचलीयस ना, ती राहू देत तिथेच. ऑरगॅनिकच्या नेम्ड रिअ‍ॅक्शन पाठ करताना रिएजंट आणि प्रॉडक्टवर थांबू नको, ती कुठे फसते तेही विचार. गॅब्रिएल थॅलिमाइडने प्रायमरी अमाइन मिळतं हे सगळ्यांना येतं, पण अ‍ॅनिलीन का मिळत नाही? कारण अराइल हॅलाइडवर तसं साधं न्यूक्लिओफिलिक सब्स्टिट्यूशन होत नाही. कॅनिझारो अल्फा हायड्रोजन नसलेल्या अल्डिहाइडलाच. प्रश्न बनवणारे इथेच अडकवतात.

न्यूमेरिकलला कॅल्क्युलेटर नाही, तेव्हा लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१ हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. मग ०.००२ मोलर एचसीएलचा पीएच? तीन वजा ०.३०१०, झालं, २.७. कायनेटिक्समध्ये फर्स्ट ऑर्डर दिसली की फॉर्म्युल्यात घुसू नकोस, आधी हाफ लाइफ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, मोज. ७५ टक्के म्हणजे दोन हाफ लाइफ, ८७.५ म्हणजे तीन, ९९.९ म्हणजे जवळपास दहा. गंमत म्हणजे हेच पुढे औषधांत येतं, गोळीतलं औषध ९० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे ०.१०५ भागिले के (रेट कॉन्स्टंट), आणि त्याचा शेल्फ लाइफशी संबंध. तिकडे गेल्यावर मला आठव.

पेपरात पहिल्या ९० मिनिटांत केमिस्ट्री आधी उरक, जो वेळ वाचेल तो फिजिक्सला लागतोच.

आता गणित. तुझी सवय मला शाळेपासून माहितीये, प्रश्न दिसला की पहिल्या स्टेपपासून पान भरायला सुरुवात, बोर्डाच्या पेपरात बरंय ते, तिथे स्टेपला मार्क असतात. इथे उत्तर चार पर्यायांत समोरच ठेवलंय. इंडेफिनिट इंटिग्रेशन जमत नसेल तर पर्याय डिफरन्शिएट कर. ट्रिगची आयडेंटिटी असेल तर थिटा ३० डिग्री टाकून बघ कुठला पर्याय टिकतो. आणि डेफिनिटचं ते एक, शून्य ते पाय बाय दोन, वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस, ते सोडवायचंच नाही, पाय बाय चार लिहून पुढे. एक्सच्या जागी लिमिटची बेरीज वजा एक्स ठेवल्यावर खालच्या दोन टर्म अदलाबदल होतात का एवढंच बघायचं.

काय आधी करायचं, तर लॉजिक, मॅट्रायसेस, एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग), पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, बायनोमियल. छोटे चॅप्टर, ठरावीक प्रकार. व्हेक्टर आणि लाइन-प्लेन एकत्रच कर. अकरावी साधारण २० टक्के असते आणि तीही ठरावीक चॅप्टरचीच, तेव्हा यादी बघून कर, सगळं पुस्तक चाळत बसू नको.

निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी तू मॉकला बारा प्रश्न कोरे ठेवलेस म्हणे! का बाबा? शेवटच्या पाच मिनिटांत एकही कोरा नको. बाकी मार्कांचा आकडा शेजारच्याशी जुळवत बसू नकोस, शिफ्ट वेगळ्या असतात, निकाल पर्सेंटाइलवर लागतो.

तू सदाशिव पेठेतली अभ्यासिका लावणार म्हणतोयस, लाव, पण चहाच्या टपरीपासून लांबची बघ, तुझी गाडी तिथेच पंक्चर होते. पुढच्या मॉकमधले चुकलेले प्रश्न फोटो काढून पाठव, पण प्रत्येकाशेजारी लिही, येत नव्हतं का वेळ गेला का वाचायला चुकलं. नुसता स्कोअर पाठवलास तर उघडणार नाही. रात्री नऊनंतर फोन कर, त्याआधी लॅबचा पसारा असतो. काका-काकूंना नमस्कार, आणि मागच्या वेळचा काकूंचा चिवडा संपलाय हे त्यांना सांग.

तुझा,
मन्या