कमरेला तिची जागा शोधू दिलीत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

कमरेच्या दुखण्यासाठी तुमच्याकडे आलो, तेव्हा पहिल्या भेटीत तुम्ही मला "ताठ उभे राहा" म्हणाला नाहीत. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

सात महिने मी हेच ऐकत होतो. घरचे म्हणत ताठ बस, मित्र म्हणत खांदे मागे घे. मीही छाती पुढे काढून, कंबर आत ओढून दिवसभर उभा राहायचो. संध्याकाळपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे कडक व्हायचे. सकाळी मोजे घालताना चमक निघायची आणि मी पलंगाची कड धरून श्वास रोखायचो.

कुठलाही व्यायाम देण्याआधी तुम्ही शांतपणे विचारलंत : पायांतली ताकद कमी झाली आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो का, लघवीवरचा ताबा सुटतो का? यातलं काही असतं तर लगेच डॉक्टरांकडे पाठवलं असतं, हेही सांगितलंत. त्या प्रश्नांनीच माझी निम्मी भीती गेली. इतक्या महिन्यांत मला एवढं नीट कुणी विचारलं नव्हतं.

मग माझ्या शेजारी उभ्या राहिलात. पावलं खुब्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, तळवे कमरेच्या पुढच्या हाडांवर. "हे पाण्यानं भरलेलं घमेलं आहे असं समजा. थोडं पाणी पुढे सांडू द्या. आता मागे." पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थही पसरट भांडंच, हे मला पुढे वाचताना कळलं आणि तुमची आठवण झाली.

घमेलं पुढे कललं की कमरेची पन्हळ खोल होते आणि मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मागे कललं की पन्हळ सपाट होते, मणक्यांमधल्या गादीच्या पुढच्या भागावर भार येतो. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरलो असतो. तुम्ही ते माझ्याच तळव्यांखाली दाखवलंत. दुखण्याच्या अलीकडेच थांबायचं, दर खेपेला हालचाल निम्मी करायची. झोका आपोआप मंदावत जातो तसं होत होत एका जागी कंबर थांबली. वजन टाचांवरून सरकून पावलाच्या मध्यावर आलं. श्वास पोटापर्यंत उतरला. मी तो उतरवला नव्हता.

पण पुढच्या आठवड्यात मी घोळ घातला. ती मधली जागा सापडली म्हणून तीच घट्ट धरून बसलो. दुसऱ्या भेटीला तक्रार केली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "सापडली की सोडून द्या. हरवली की परत शोधा." ताई, सगळ्या उपचारात मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

नंतर मी खूप वाचलं. कमरेच्या 5 मणक्यांना आतल्या बाजूला नैसर्गिक बाक असतो, त्यामुळे सपाट पाठ म्हणजे सरळ पाठ नव्हे. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या गाद्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दाब पडतो आणि सुटतो तसे द्रव आत-बाहेर झिरपतात. मला पटलेलं कारण हे : तुमची ती मंद झुलती हालचाल म्हणजे गादीला एकाच दाबाखाली अडकू न देणं. 1960 च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त आढळला. 1999 मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसावर मोजमाप केलं, तर रेलून सैल बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमी निघाला. एकाच माणसावरून नियम काढता येत नाही, हे खरं. तरीही कुठल्या एकाच बैठकीला दोषी ठरवायचा माझा हट्ट तिथे संपला.

बराच वेळ बसून उठल्यावर कंबर लगेच सरळ का होत नाही, हेही तुम्ही सांगितलं होतंत. सोआस हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून थेट मांडीच्या हाडापर्यंत जातो, बसलेलं असताना तो आखडलेला राहतो. म्हणून आता उठल्यावर आधी दोन-तीन वेळा वजन या पायावरून त्या पायावर घेतो, मग घमेलं हलवतो, आणि मगच चालायला लागतो. यात एक मिनिटही जात नाही. शेजारी उभ्या माणसालाही ते कळत नाही.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. महिन्यातून एखादा दिवस कंबर धरते. पण मी आता श्वास रोखत नाही, पलंगाची कड धरत नाही. उभा राहतो आणि शोधतो. आज सकाळी ती जागा कालच्यापेक्षा बोटभर मागे होती. मिळाली.

तुमचा कृतज्ञ,
एक रुग्ण