डोंगर न कापता अतिथिगृह

महोदय,

मुरबाडजवळच्या आमच्या उतारावर अतिथिगृह बांधायचे म्हटल्यावर ठेकेदाराचा पहिला प्रश्न होता, "जेसीबी कधी लावायचा?" डोंगर कापून सपाटी केली, की आषाढात माती खालच्या भातखाचरांत उतरते. त्यापेक्षा जोते उताराबरोबर पायरीपायरीने चढवावे. जांभा मलाही आवडतो, पण तो रत्नागिरीहून ट्रकने कशाला आणायचा? इथला काळा दगड आहेच. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला छपराचे पाखे खाली उतरवून रुंद पडवी हवी. काचेची भिंत तर मुळीच नको. मोह, ऐन तोडण्याऐवजी खोल्याच सरकवाव्यात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. पर्यटन संचालनालयाने कृषी पर्यटन केंद्रांच्या नोंदणीसोबत अशा बांधकामाचे नमुना आराखडेही द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे