‘चिमुकल्यांसाठी खास’ हाँगकाँग सहल: तक्रार आणि परताव्याची मागणी

पुणे, २० जून २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मे २०२४ मधील हाँगकाँग–मकाव कौटुंबिक सहल. डिस्नीलँडचा कबूल केलेला पूर्ण दिवस न मिळणे, व्हिसाच्या नावाखाली घेतलेली रक्कम आणि टीसीएसचं (सहल विकताना कंपनीने ग्राहकाकडून वसूल केलेल्या आयकराचं) प्रमाणपत्र.

महोदय,

आपल्या कर्वे रोडच्या शाखेतून मी, माझे पती आणि आमची चार वर्षांची मुलगी अशा तिघांचं बुकिंग मार्चमध्ये केलं होतं. बुकिंग क्रमांक सोबतच्या पावत्यांवर आहे. सहलीहून परतल्यावर मी आपल्या शाखेत तोंडी आणि नंतर ईमेलने तक्रार केली. त्यावर पुढच्या सहलीसाठी दोन हजार रुपयांचं व्हाउचर आलं. मला पुढची सहल नको आहे, झालेल्या सहलीचा हिशेब हवा आहे. म्हणून हे लेखी पत्र.

आमच्या घरातली ही पहिली परदेश सहल आणि मुलीची पहिली थीम पार्क भेट. तिकिटं आणि हॉटेल आम्ही स्वतः काढू शकलो असतो, ते काही आता अवघड राहिलेलं नाही. पैसे मोजले ते नियोजनाचे. लहान मूल बरोबर असताना कुठल्या तारखेला जावं, किती वाजता पोचावं, कुठल्या राइडला तिला घेतील आणि कुठल्या नाही, दमली तर काय करायचं, हे ज्यांना रोजच्या कामामुळे ठाऊक आहे त्यांच्याकडे जावं असा आमचा विचार. आपल्या माहितीपत्रकावरही ‘चिमुकल्यांसह पहिली सहल? काळजी आमच्यावर सोडा’ असंच छापलेलं आहे.

आता तारखेपासून सुरुवात करते. पुण्याचं मतदान १३ मे रोजी होतं. मतदान करून मगच निघू, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आपल्या प्रतिनिधींनी मात्र ‘मॅडम, महिन्याच्या पहिल्या आठवड्याची बॅच घ्या, नंतर गर्दी वाढते’ असं व्हॉट्सॲपवर कळवलं. तो संदेश सोबत जोडला आहे. त्या बॅचमध्ये डिस्नीलँडचा दिवस आला ३ मे. चीनमध्ये १ ते ५ मे कामगार दिनाची सलग सुट्टी होती आणि त्या सुट्टीत मुख्य भूमीवरून हाँगकाँगला माणसांचा लोंढा येतो. हे मला पुण्यात बसून ठाऊक असण्याचं कारण नाही, पण जी कंपनी वर्षानुवर्षं हाँगकाँगला बसच्या बस भरून नेते तिला ठाऊक नसेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. या पार्कची तिकिटं तारखेनुसार कमीजास्त दराची असतात. म्हणजे कुठला दिवस गर्दीचा, हे पार्क स्वतःच दरपत्रकात सांगतं. आम्हाला गर्दी टाळण्याच्या नावाखाली थेट गर्दीत पाठवलं गेलं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार त्या ३ तारखेचीच आहे, त्यामुळे ती जरा सविस्तर लिहिते.

माहितीपत्रकात शब्द आहेत: ‘डिस्नीलँडमध्ये धमाल, पूर्ण दिवस’. मुखपृष्ठावर किल्ल्यावरच्या रात्रीच्या रोषणाईचा आणि आतषबाजीचा पानभर फोटो आहे. सकाळी हॉटेलवर नाश्ता करताना टूर मॅनेजरनी जाहीर केलं की, आधी मोठा बुद्ध ‘करून घेऊ’, तो वाटेतच आहे. तो वाटेत नाही. आमचं हॉटेल कौलूनमध्ये होतं. तिथून लांताऊ बेटावर गेलं की आधी डिस्नीलँडचा फाटा लागतो. तो फाटा मागे टाकून बस पुढे तुंग चुंगला गेली. मुलीने खिडकीतून पाटीवरचं चित्र ओळखलं आणि बस वळत नाही म्हटल्यावर रडायला लागली. तिथे केबल कारच्या रांगेत उन्हात उभं राहायचं, मग पाच किलोमीटरहून लांब दोरीवरून वर जायचं, वर गेल्यावर बुद्धमूर्तीच्या २६८ पायऱ्या. मूर्ती भव्य आहे, ३४ मीटर उंच, पाहण्यासारखी आहे, याबद्दल वाद नाही. पण पायऱ्या तिच्या बाबांनी तिला कडेवर घेऊन चढल्या आणि उतरल्या. डिस्नीलँडला पोचेपर्यंत घरातला एक मोठा माणूस आणि एक लहान मूल, दोघांचेही पाय गळालेले होते. बुद्धमूर्ती आपल्या कार्यक्रम पत्रिकेत डिस्नीलँडच्या दुसऱ्या दिवशी होती. बदल का केला, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की, दुसऱ्या दिवशी ग्रुपला खरेदीला जास्त वेळ हवा आहे. कुठल्या ग्रुपला? आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही पार्कच्या दारातून आत गेलो तेव्हा दुपारचा सव्वा वाजून गेला होता. तिकीट स्कॅन झाल्याची वेळ मोबाइलवर आहे, तिचा स्क्रीनशॉट जोडला आहे. परत बसपाशी जमायची वेळ संध्याकाळी पावणेसहा. आपल्या शब्दकोशात याला ‘पूर्ण दिवस’ म्हणत असतील, पण पार्क रात्रीपर्यंत उघडं असतं आणि ज्या रोषणाईचा फोटो आपण छापता ती अंधार पडल्यावर होते. ३ मे रोजी हाँगकाँगला पावणेसहाला लख्ख ऊन असतं.

लवकर का निघायचं, तर त्सिम शा त्सुईमधल्या भारतीय हॉटेलात साडेसहाचं टेबल ठरलेलं होतं. ‘रोज भारतीय जेवणाची हमी’ हे आपलं वैशिष्ट्य मला मान्य आहे, ग्रुपमधल्या आजी-आजोबांना त्याचा आधार असतो हेही मी पाहिलं. पण कोथरूडला कुठल्याही कोपऱ्यावर मिळणाऱ्या दाल फ्राय आणि जिरा राइससाठी चार वर्षांच्या मुलीला किल्ल्यासमोरून उचलून न्यायचं, याला नियोजन म्हणत नाहीत. आम्ही मागे थांबतो, आमचं आम्ही येतो, असं मी म्हटलं. टूर मॅनेजर म्हणाले, रात्री इथून काही मिळत नाही, अडकाल, आणि तसं लिहून द्यावं लागेल. हे धादांत चुकीचं होतं. पार्कच्या दाराशीच रेल्वे स्टेशन आहे, मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची गाडी तिथून सनी बेला जाते, सनी बेवरून शहराची लाइन मिळते, आणि पार्क बंद झाल्यावरही ती सेवा चालू असते. आम्हाला हे हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीने त्या रात्री सांगितलं. टूर मॅनेजरला ठाऊक नसेल तर ते अज्ञान आहे, ठाऊक असूनही सांगितलं नसेल तर त्याला काय म्हणायचं ते आपणच ठरवा.

आता उंचीचा मुद्दा. बुकिंगच्या वेळी आमच्या मुलीबद्दल आपल्या फॉर्ममध्ये काय काय विचारलं होतं? जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, ‘चाइल्ड विथ बेड’ की ‘विदाउट बेड’, आणि जेवण जैन की साधं. बेडबद्दल तर पुन्हा पुन्हा फोन आले, कारण त्यावर दर बदलतो. तिची उंची किती, हे एकदाही कुणी विचारलं नाही. थीम पार्कमध्ये मुलाचं वय तिकिटापुरतं लागतं, पुढचं सगळं उंचीवर चालतं. माझी मुलगी ९७ सेंटिमीटर आहे. हाँगकाँगच्या पार्कमध्ये आयर्न मॅनच्या आणि अंतराळातल्या अंधाऱ्या राइडला किमान १०२ सेंटिमीटर लागतात, अस्वलाच्या डोंगरातल्या खाणगाडीला ११२. हे आकडे पार्क स्वतः जाहीर करतं. असं असताना आपण आम्हाला तीन राइडचा ‘फास्ट एंट्री पास’ माणशी ४,२०० रुपयांना विकला, मुलीचाही विकला, आणि पासातल्या तीनपैकी दोन राइड तिच्या उंचीला बंद होत्या.

खाणगाडीच्या दारात उंची मोजायची पट्टी आहे. मुलगी तिच्याखाली टाचा उचलून, मान ताणून उभी राहिली. तिथल्या कर्मचारी बाईंनी गुडघ्यावर बसून हसत हसत तिच्या टाचा अलगद खाली टेकवल्या आणि मान हलवली. बाईंचं काहीच चुकलं नाही, तो नियम मुलांच्या जिवासाठीच आहे. पण ‘तुझ्यासाठी पास घेतलाय’ असं आम्ही आपल्या भरवशावर तिला सांगून ठेवलं होतं. आई-बाबांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड करून यायचं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची, अशी सोय पार्कमध्ये असते. तीही आम्हाला त्या बाईंकडूनच कळली, आपल्या माणसाकडून नाही.

याउलट तिच्या उंचीला चालणाऱ्या, तिला हव्या असलेल्या गोष्टी तिथे भरपूर होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेला फ्रोझनचा नवा भाग तर तिच्यासाठीच बांधल्यासारखा. तिथल्या होडीच्या राइडला उंचीची अट नाही, आणि घसरगाडीला ९५ सेंटिमीटर लागतात, म्हणजे ही दोन बोटांनी का होईना बसत होती. सकाळी पार्क उघडताना पोचलो असतो तर तिथेच आधी गेलो असतो. दुपारी होडीच्या रांगेची पाटी दीड तासाच्या पुढे होती आणि आमच्या हातात एकूण साडेचार तास. आम्ही डंबो केलं, कॅरोसेल केलं, छोट्या बाहुल्यांच्या होडीत बसलो, आणि पाच वाजता बसच्या दिशेने चालू लागलो. प्रॅम आणू नका, बसमध्ये जागा नसते, अशी सूचना आपल्याकडून आली होती. पार्कमध्ये प्रॅम भाड्याने मिळते हे त्या सूचनेत लिहायला एक ओळ पुरली असती.

व्हिसाबद्दल थोडक्यात. पावतीवर ‘हाँगकाँग व्हिसा सेवा’ म्हणून माणशी २,५०० असे ७,५०० रुपये लावले आहेत. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंत पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर होते आणि विनाशुल्क असते. बरं, ती तरी आपण केली का? नाही. पासपोर्टची माहिती भरायची लिंक आपल्या कार्यालयाने मला पाठवली, तिघांचीही नोंदणी मी रात्री घरी बसून केली, प्रिंटही मीच काढल्या. मग साडेसात हजार नेमके कशाचे, हे मला लेखी कळवावं.

आणि टीसीएस. परदेश सहलीच्या पॅकेजवर आपण पाच टक्के टीसीएस वसूल केला, तो कायद्याप्रमाणेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मार्चमध्ये वसूल केलेल्या रकमेचं फॉर्म २७डी प्रमाणपत्र ३० मेपर्यंत मिळायला हवं होतं. ते आलेलं नाही आणि माझ्या २६एएसमध्येही, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या कराच्या नोंदीतही, ती रक्कम दिसत नाही. आयकर विवरणपत्राची यंदाची मुदत ३१ जुलै आहे. पॅन क्रमांक चुकीचा भरला गेला असेल तर आपल्याला तो दुरुस्त करून द्यावा लागेल.

आपल्या ईमेलमध्ये ‘कार्यक्रमात बदल करण्याचे अधिकार कंपनीकडे राखीव’ या अटीकडे बोट दाखवलं आहे. वादळ आलं, विमान रद्द झालं, पार्क बंद पडलं, तर ती अट मी समजू शकते. ग्रुपला खरेदीला वेळ हवा आणि जेवणाचं टेबल आधी ठरलं, ही त्या अटीमागची कारणं होऊ शकत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी म्हणजे काय ते कलम २(११) मध्ये आणि दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते कलम २(२८) मध्ये दिलं आहे. रात्रीच्या आतषबाजीचा फोटो छापून पावणेसहाला बसमध्ये बसवणं कशात बसतं, ते आपल्या कायदा विभागाला विचारावं.

माझ्या मागण्या अशा. व्हिसा सेवेचे ७,५०० आणि मुलीच्या पासचे ४,२०० रुपये पूर्ण परत मिळावेत. पूर्ण दिवसाच्या जागी मिळालेल्या अपुऱ्या वेळेबद्दल तिघांचे मिळून २५,००० रुपये द्यावेत. एकूण ३६,७०० रुपये, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, व्हाउचर नको. २७डी प्रमाणपत्र आठ दिवसांत, बाकी रक्कम पंधरा दिवसांत. आणि आपल्या बुकिंग फॉर्ममध्ये लहान मुलांच्या नावापुढे उंचीचा रकाना टाकावा. याला आपल्याला एक रुपयाही खर्च नाही, आणि दिवाळीच्या बॅचचं बुकिंग सुरू झाल्याची जाहिरात मी कालच पाहिली.

पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून पुढे पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलद्वारे अर्ज करणार आहे. मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते आणि आमच्या पॅकेजची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्याला शुल्कही नाही. तोडगा आपल्या स्तरावर निघाला तर मला आनंदच आहे. फोन करायचा असल्यास संध्याकाळी सातनंतर करावा, पण उत्तर ईमेलवर लेखीच हवं.

पावत्या, माहितीपत्रकाची प्रत, मूळ कार्यक्रम पत्रिका, व्हॉट्सॲप संदेश, तिकीट स्कॅनचा स्क्रीनशॉट आणि तिघांच्या नोंदणीच्या प्रिंट सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
कोथरूड, पुणे